पहिले दहा ब्रेक दुकानाचे

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. बाबा म्हणायचे, हिला गिऱ्हाइकासमोर उभी करू नका, हिच्या हातात पाना द्या. म्हणून मला त्यांनी ब्रेकचं काम शिकवलं आणि गोड बोलणाऱ्या धाकटीला काउंटरवर बसवलं. मग बाबा गेले, धाकटीचं लग्न झालं आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. दोन गाड्यांपुरती जागा, गाडी उचलायची एक लिफ्ट, काचेची एक खोली आणि भिंतीवर बाबांच्या हातची पाटी: ‘पहिले दहा ब्रेक दुकानाचे.’

पाटीचा अर्थ सांगते. चाकाबरोबर फिरणाऱ्या नव्या डिस्क आणि त्यांना दोन्हीकडून चिमटणारे नवे पॅड बसवले की ते एकमेकांत मुरवावे लागतात. गाडी साठवर न्यायची, ब्रेक करकचून दाबायचा, दहावर आली की सोडायचा आणि पुन्हा साठ. असं दहा वेळा. मध्ये गाडी पूर्ण थांबवायची नाही, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथे पॅडचा ठसा उमटतो. मग दर ब्रेकला पायाखाली धडधड होते आणि ती काही केल्या जात नाही. दहा झाले की गाडी वीस मिनिटं ब्रेकला पाय न लावता फिरवायची, गार होऊ द्यायची. हे काम बाबा कुणावर सोडत नसत. स्वतः चालवायचे, गाडीच्या मालकाला शेजारी बसवायचे आणि आम्हा दोघींना मागे. मोजायचं काम धाकटीचं. दर ब्रेकला ती बेंबीच्या देठापासून आकडा ओरडायची. मी मुद्दाम चुकीचा आकडा म्हणायची, मग ती मला चिमटे काढायची. बाबा तिला मोजणीदार म्हणायचे.

तिचा नवरा विमा कंपनीत साहेब होता. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, जखमी माणसांचे कागद तपासायचे आणि भरपाई द्यायची की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम. लग्नात मी त्याला कौतुकानं जावईबापू म्हणायला लागले आणि ते तोंडात बसलं. उंच, इस्त्रीतला माणूस. आवाज कधी चढायचा नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तो फार सभ्य वाटायचा.

त्या सोमवारी तो सकाळीच आला. धाकटी शेजारच्या सीटवर होती. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, केस कपाळावर ओढून घेतलेले. ती उतरली, माझ्याकडे बघून हसली आणि काचेच्या खोलीत जाऊन बसली. हसताना तिनं ओठ मिटलेलेच ठेवले होते.

जावईबापूंना मोठ्या डिस्क हव्या होत्या. फोनवर चित्र दाखवलं: भोकंच भोकं पाडलेल्या, चकचकीत. माझा आवडता विषय निघाल्यावर मी सुटलेच. त्याला म्हटलं, ही भोकं शर्यतीच्या गाड्यांचं फॅड आहे, रस्त्यावरच्या गाडीला त्यांचा उपयोग शोभेपुरता. तापून गार होताना भोकांच्या कडेनं तडे जातात. चिरा पाडलेल्या डिस्क पाण्यात बऱ्या पकडतात, पण पॅड खातात आणि कुरकुरतात. रोजच्या गाडीला साधीच डिस्क घ्यावी, फक्त एक माप मोठी, जाड, आतून हवा खेळणारी. ती कंटाळवाणी दिसते आणि वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं की चाळीसच्या वेगाला एकदम, जागच्या जागी, यातली कुठली पकडते?

चाळीसच्या वेगासाठी कोण डिस्क बदलतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी हसले आणि मोठ्या साध्या डिस्कच सांगितल्या. तो म्हणाला, “तुम्ही म्हणाल ते, ताई.” आणि फोनवर बोलत खोलीत धाकटीजवळ जाऊन बसला.

चाकं काढायला कुलपाच्या नटाची किल्ली लागते, ती डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. म्हणून मी शेजारच्या सीटवर बसले आणि कप्पा उघडला. मान वर केली तर काचेवर, बरोबर माझ्या कपाळासमोर, कुठल्याशा क्लबचं गोल स्टिकर होतं. पुढच्या काचेवर आतून, बसणाऱ्याच्या नजरेच्या आड येईल असं स्टिकर कोण लावतं? नखानं कड उचलली. खाली काच चांदणीसारखी तडकली होती आणि तड्यांत एक लांब केस अडकला होता.

मला आधी काही कळलंच नाही. नुसताच सीटबेल्ट ओढला, सवयीनं. तो बकलात जाईना. वाकून पाहिलं. बकलाच्या फटीत केसांची पिन मोडून घट्ट ठासली होती आणि वरून चिकटद्रव ओतला होता. पिन आत असल्यानं गाडीला बेल्ट लागल्यासारखं वाटतं, ती बीप करत नाही. हे कुण्या येरागबाळ्याचं काम नव्हतं. अपघातांचे कागद रोज वाचणाऱ्या माणसाचं होतं.

स्टिकर परत दाबलं, किल्ली घेतली, चाकं उतरवली. हातांना काम पाठ असतं. पुढची डावी डिस्क निघाली आणि मी ती उजेडात धरली. डिस्कवर निळसर डाग होते, आणि पॅडचे अख्खे ठसे. असे ठसे गर्दीत गाडी चालवून पडत नाहीत. त्याला पाठोपाठ चार-पाच वेळा जीव खाऊन ब्रेक दाबावा लागतो, आणि शेवटी तसाच दाबून, पाय न उचलता, उभं राहावं लागतं. मी ठसे मोजले. सात होते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितली नाही. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून आला होता. मीच त्याला दुकानातले सगळ्यात कडक पॅड बसवून दिले. नियमाप्रमाणे दहा ब्रेक मारायला मी चालवत होते, तो शेजारी बेल्ट लावून बसला होता, आणि तिसऱ्या ब्रेकला खूश होऊन म्हणाला होता, अस्साच हवा. तीन आठवड्यांनी धाकटीच्या कपाळाला टाके पडले. समोर कुत्रं आडवं आलं, ती म्हणाली. नशीब ब्रेक चांगले होते, मी म्हणाले. चार लोकांत फुशारकीनं सांगितलं होतं मी ते.

तो फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा मी ती डिस्क कापडात धरून खोलीत नेली आणि धाकटीसमोर टेबलावर ठेवली. काही विचारलं नाही. बाबांच्या पोरीला डिस्क वाचायला शिकवावं लागत नाही. तिनं डिस्क स्वतःकडे ओढली. मग एकेका ठशावर बोट ठेवत गेली, कपड्यांचे डाग दाखवावेत तसं.

“हा दाताचा,” ती म्हणाली. “हा टाक्यांचा. हा मनगटाचा. हा कशाचा ते आठवत नाही.”

सगळं तिनं खालच्या आवाजात, घाईघाईनं सांगितलं. घरात तो बोटही लावत नाही, शेजारी काय म्हणतील. काही बिनसलं की तो म्हणतो, चल, चक्कर मारून येऊ. दवाखान्यात तो स्वतः नेतो, तिचा हात हातात घेतो, आणि कुत्रं आडवं आलं हे तिच्याच तोंडून वदवून घेतो. तीन कागदांवर तिची सही आहे. एकदा ती पोलिसांत तक्रार करायला गेली होती, तेव्हा त्यानं तेच तीन कागद टेबलावर ओळीनं मांडले. आता कालपासून तो नव्या ब्रेकबद्दल बोलतोय.

“काय बोलतोय?”

“म्हणाला, आता एकदाच पुरेल.”

बाहेर त्याचं बोलणं संपत आलं होतं. मी तिला म्हटलं, तू या गाडीत पुन्हा बसणार नाहीस. ती म्हणाली, आज नाही बसले तर उद्या बसवेल. आणि डिस्क माझ्याकडे सरकवली.

लिफ्टखाली परत आले तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही होत होती. पाना हातात होता आणि तो पाठमोरा उभा होता. तुम्हाला वाटेल मी ब्रेकची नळी सैल सोडली असेल. विचार आला होता, खोटं कशाला बोलू? पण ब्रेक नसलेली गाडी फक्त चालवणाऱ्याला मारत नाही. रस्त्यावर शाळेतून येणारी पोरं असतात. आणि बाबांच्या पाटीखाली उभं राहून मी ब्रेकमध्ये लबाडी करणं शक्यच नव्हतं. मी त्याला चांगल्यातल्या चांगल्या डिस्क बसवल्या. साध्या, मोठ्या, जाड. डिस्क बसते तो हब घासून साफ केला, बोल्ट मापानं आवळले, ब्रेकचं तेल बदललं, नळीतली हवा काढली. आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नसेल. बकलातली पिन मात्र जिथे होती तिथेच ठेवली.

दुपारी गाडी खाली उतरवली आणि म्हटलं, “चला जावईबापू, पहिले दहा ब्रेक दुकानाचे. मोजणीदारालाही घेऊ मागे, बऱ्याच वर्षांत मोजलं नाही तिनं.”

त्याला गंमत वाटली. धाकटी माझ्या मागच्या सीटवर बसली आणि तिनं बेल्ट लावला. तो खट्ट आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. तो शेजारी बसला, सवयीनं बेल्ट ओढला, बकलापर्यंत नेला. आणि त्याचा हात थांबला.

मी इंजिन चालू केलं नाही. त्याला संधी दिली, हे मला सांगायचंय. म्हटलं, काय अडकलंय का, बघू का मी? चिमट्यानं काढून देते. नाहीतर मागे बसा, मागचे बेल्ट चांगले आहेत. तो आरशात धाकटीकडे बघत होता. “पिन अडकलीय” एवढं म्हणाला असता तरी मी पुढे काय केलं असतं, मला माहीत नाही. पण ती पिन तिथे कशी आली ते त्याला सांगावं लागलं असतं.

“राहू द्या,” तो म्हणाला. “दहा मिनिटांचं तर काम आहे.”

कारखान्यांच्या मागे एक सरळ रस्ता आहे, दोन्हीकडे भिंती, दुपारी चिटपाखरू नसतं. बाबाही तिथेच यायचे. मी साठ गाठले आणि पाय दाबला.

पहिल्याला त्यानं दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवून स्वतःला सावरलं आणि हसला. छान पकडतात, म्हणाला. मी दहावर सोडलं, पुन्हा साठ. दुसऱ्याला त्याचे कोपर दुमडले आणि तोंड डॅशबोर्डवर आपटलं. तो शिवी देऊन मागे होतोय तोवर मी पुन्हा साठवर होते. तिसऱ्याला त्याचं कपाळ बरोबर त्या स्टिकरवर गेलं. काचेचा कडकड आवाज आला. मोठ्या डिस्क खरंच छान पकडत होत्या.

आता त्याला कळलं. थांबवा, म्हणाला. मी म्हटलं, मध्ये थांबता येत नाही, ठसा पडतो. त्यानं माझ्या कानशिलात ठेवून दिली, उलट्या हातानं, अंगठीसकट. डोळ्यांपुढे काजवे चमकले, गाडी भिंतीकडे ओढली गेली, आणि मी स्टिअरिंग सरळ करत चौथा मारला. हात उगारलेला असल्यानं त्याला धरायला काहीच नव्हतं. तो खांद्यावर गेला आणि खांद्यातून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. पाचव्याला नाक. रक्त काचेवर उडालं, माझ्या बाहीवर उडालं. तो दाराची कडी चाचपडत होता, पण चालत्या गाडीतून उडी मारायची हिंमत त्याच्यात नव्हती.

सहाव्यानंतर तो रडायला लागला. मोठा माणूस, हुंदके देऊन, नाकातून फुगे येत होते. ताई, चुकलो, पाया पडतो, असं काहीबाही बोलत होता. आणि माझं अवसान गळालं. सकाळपासूनचा सगळा राग पायातून निघून गेला. मला वाटलं, बास. मी पाय उचलला, गाडी पंधरा-वीसवर रेंगाळायला लागली.

तेव्हा मागून धाकटीचा आवाज आला. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती.

“सहा,” ती म्हणाली. “थांबू नकोस ताई. बाबा अर्धवट सोडायचे नाहीत.”

ओरडून नाही, अगदी काउंटरवरच्या आवाजात. मी आरशात पाहिलं. तिनं कपाळावरचे केस मागे सारले होते. टाक्यांचा व्रण अजून लाल होता आणि ती सरळ रस्त्याकडे बघत होती. मी साठ गाठले. सात, ती म्हणाली. आठ. नऊ. तो आता पाय ठेवायच्या जागेत घसरला होता, आणि दर ब्रेकला त्याचं डोकं कप्प्याच्या झाकणावर आपटत होतं. दहा.

झालं होतं. नियमानं आता वीस मिनिटं गार करायची. मी गाडी तिसाच्या वेगानं वळवली, ब्रेकला पाय लावला नाही. माझा गाल सुजला होता, कान गुणगुणत होता, पण मी शुद्धीवर होते. दवाखाना त्याच वाटेवर आहे. तिथे पोचेपर्यंत डिस्क गार होतील, असा हिशेब मी केलासुद्धा.

मग तो खालून बोलला. दात तुटल्यानं शब्द नीट येत नव्हते, पण आवाज पुन्हा तसाच शांत होता. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला.

“घरी तर येशीलच ना.”

मी काय केलं ते मला आठवतं. आठवत नाही असं म्हणणं सोपं गेलं असतं. मी गियर खाली घेतला, ऐंशी गाठले आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. गाडी किंचाळत जागच्या जागी थांबली. तो कप्प्यावर आपटला आणि त्याच्या तोंडून फक्त हवा निघाली. मी पाय उचलला नाही. दात-ओठ खात तशीच दाबून बसले, किती वेळ कोण जाणे. चाकांतून जळका वास यायला लागला, तरी तशीच.

“ताई,” धाकटी म्हणाली. “पाय काढ.”

तो जगला. जबडा तारांनी बांधला, गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, एक डोळा कायमचा अधू झाला. दवाखान्यात तातडीच्या विभागाच्या खिडकीशी बसलेल्या नर्सनं धाकटीला लगेच ओळखलं. तिन्ही वेळा हिनंच तिची मलमपट्टी केली होती. तिनं स्ट्रेचरवरच्या माणसाकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या गालाकडे. आणि कागद पुढे ओढून विचारलं, कसं झालं?

“समोर कुत्रं आडवं आलं,” धाकटी म्हणाली.

तिला आठवावं लागलं नाही, अडखळली नाही, नर्सच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. मला भडभडून आलं. तिनं खोटं सांगितलं म्हणून नाही, ते वाक्य तिच्या जिभेवर किती गुळगुळीत झालं होतं म्हणून. नर्सनं विचारलं, बेल्ट नव्हता? बकल बिघडलंय, धाकटी म्हणाली, बरेच महिने झाले, त्यांना माहीत आहे. हेही लिहा. नर्सनं तेही लिहिलं, आणि कागद त्याच्यापुढे धरून त्याच्या धड हातात पेन दिलं. कागदांवर ज्याचं पोट, त्याला त्या सहीचा अर्थ सगळ्यांत चांगला कळत होता. पण न केली तर खरं काय ते सांगावं लागणार होतं. त्यानं सही केली. नर्स कागद घडी घालत म्हणाली की त्या रस्त्यावर कुत्री फारच झालीत.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही बाहेर पडलो. दुकानावरच्या खोलीत बाबांची खाट रिकामीच आहे, तिथे राहा, मी म्हटलं. ती म्हणाली, तिथेच राहणार आहे, त्याच्या घरी फक्त कपडे आणायला जाईन आणि तेही तू बरोबर असताना. मग तिनं हात पुढे केला आणि किल्ली मागितली. लग्नानंतर तिला गाडी चालवू दिली नव्हती त्यानं. मी शेजारी बसायला गेले, बकल पाहिलं आणि मागे जाऊन बसले.

तिनं गाडी झोकात काढली. पहिल्या चौकात दिवा लाल झाला आणि तिनं हळूच ब्रेक दाबला.

गाडी धडधडली. मागच्या सीटपर्यंत जाणवलं. नव्या कोऱ्या डिस्क, सकाळी मीच मापानं बसवलेल्या, आणि पायाखाली चाकाच्या दर फेऱ्याला एक ठोका. दोन नाही, एकच. गाडी थांबेपर्यंत ती तो ऐकत होती, सकाळी डिस्कवर बोट ठेवलं होतं तशी, लक्ष देऊन. मी आरशात तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मी ओळखली. काचेच्या खोलीत ती त्याच्याकडे अशीच बघत बसली होती.

“आणि हा तुझा,” ती म्हणाली.

उद्या बदलून देते, मी म्हटलं. दिवा हिरवा झाला.